एसएसडीची ‘हेल्थ’ ९७ टक्के असूनही लॅपटॉप रोज बंद का पडतो?

नमस्कार. तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर ती इथेच कळेल. लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी घेतलेला आहे, त्यात ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डावरच्या स्लॉटमध्ये थेट बसणारी, चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) आणि विंडोज ११ आहे. गेल्या दोन महिन्यांपासून तो दिवसातून दोन-तीन वेळा हँग होतो. कधी ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ अशी निळी स्क्रीन येते, कधी तीही येत नाही. मग तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि बूट करण्यासारखी डिस्कच सापडत नाही, असा संदेश काळ्या पडद्यावर दिसतो. पूर्ण बंद करून थोड्या वेळाने चालू केला, की जणू काही घडलेच नाही अशा थाटात विंडोज सुरू होते. तुम्ही रॅम बदलली, दोनदा विंडोज नव्याने टाकली, दोन्ही वेळा चार-सहा दिवस बरे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न. तपासणीचे सॉफ्टवेअर एसएसडीची हेल्थ ‘गुड, ९७ टक्के’ दाखवते, म्हणून दुकानदाराने एसएसडीला निर्दोष ठरवून मदरबोर्ड बदलायला सांगितला आहे. हिशेबाची सगळी कामे याच लॅपटॉपवर आहेत, जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आली आहे आणि मदरबोर्डाचा खर्च करावा की नाही, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

मी बावीस वर्षे नागपुरात संगणक दुरुस्तीचे काम करतो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे, की मदरबोर्डाचा खर्च आत्ताच करू नये. तुमच्या वर्णनात एक ओळ मध्येच सहज येऊन गेली आहे, पण माझ्या दृष्टीने सगळे तिच्यातच आहे: रीस्टार्ट झाल्यावर डिस्क सापडत नाही, पूर्ण बंद करून चालू केल्यावर सापडते. हे लक्षण एसएसडीमधल्या कंट्रोलरकडे, म्हणजे तिचा कारभार चालवणाऱ्या चिपकडे, बोट दाखवते. ते शंभर टक्के पुरावा नाही. सैल बसलेली एसएसडी, तापलेली एसएसडी, फर्मवेअरमधला (एसएसडीच्या आतच बसवलेल्या प्रोग्रॅममधला) दोष आणि क्वचित खरोखरच मदरबोर्डावरचा स्लॉट, यांतूनही असेच चित्र उभे राहू शकते. त्यामुळे या शक्यता कमी खर्चात एकेक करून कशा वगळायच्या, ते पुढे सांगतो.

पण त्याआधी बॅकअप. निदानाची कोणतीही पायरी करण्यापूर्वी, शक्यतो आज रात्रीच, टॅलीचा डेटा, विवरणपत्रांच्या फायली, डिजिटल स्वाक्षरीशी संबंधित कागदपत्रे आणि घरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. लॅपटॉप किमान अर्धा तास बंद ठेवा, मग चालू करून सगळ्यात आधी सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर कॉपी करा. एकदम सगळी डिस्क कॉपी करायला लावून झोपायला जाऊ नका, कारण मध्येच हँग झाले तर काय आले आणि काय राहिले याचा पत्ता लागत नाही. लहान लहान गठ्ठ्यांनी कॉपी करा आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर दोन-चार फायली बाहेरच्या डिस्कवरून उघडून पाहा. मध्ये हँग झालाच, तर पूर्ण बंद करून, थंड होऊ देऊन राहिलेल्या ठिकाणापासून पुढे चला. कंट्रोलर आजारी असतो तेव्हा डेटा बहुतेक वेळा असा हप्त्याहप्त्याने निघतो. मात्र हे हप्ते किती मिळतील, याची शाश्वती कोणालाही देता येत नाही. जुनी हार्डडिस्क मरण्याआधी खरखर करून सूचना तरी द्यायची. एसएसडी काल चालू असते आणि आज दिसतच नाही.

बॅकअपच्याच ओघात दोन गोष्टी. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केल्यावर डिस्कचे एन्क्रिप्शन (डेटाला घातलेले सांकेतिक कुलूप) आपोआप सुरू झालेले असते आणि मालकाला त्याचा गंधही नसतो. अशी एसएसडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, तेव्हा आत्ताच खाते उघडून ती कागदावर उतरवून ठेवा. दुसरे असे, की बॅकअप पूर्ण होईपर्यंत ‘चेक डिस्क’ चालवू नका, डीफ्रॅग करू नका आणि तिसऱ्यांदा फॉरमॅट तर मुळीच मारू नका. ‘चेक डिस्क’ हे फाइलव्यवस्थेची दुरुस्ती करणारे साधन आहे आणि डिस्क जे वाचून देते ते खरे आहे, असे ते गृहीत धरते. डिस्कच चुकीचे वाचून देत असेल, तर ते चांगल्या नोंदीही ‘दुरुस्त’ करून बिघडवू शकते. फॉरमॅटचे तर विचारूच नका. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय असते. मोकळी झालेली जागा कोणती, हे विंडोज त्यातून एसएसडीला कळवते आणि एसएसडी ती जागा आपल्या सवडीने खरोखरच पुसून टाकते. हार्डडिस्कवरून पुसलेल्या फायली परत मिळवण्याचे जे किस्से आपण ऐकतो, ते एसएसडीला फारसे लागू पडत नाहीत.

आता त्या ९७ टक्क्यांकडे वळू, कारण तुमची आणि दुकानदाराचीही दिशाभूल त्यानेच केली आहे. एसएसडीमध्ये माहिती नँड फ्लॅशच्या पेशींमध्ये साठते, आणि प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते. आपण लिहिलेला एकूण डेटा आणि पेशींची झीज यांवरून, अपेक्षित आयुष्यापैकी किती खर्च झाले याचा अंदाज एसएसडी स्वतःच नोंदवत असते. तपासणीचे सॉफ्टवेअर तो आकडा शंभरातून वजा करते आणि त्याला ‘हेल्थ’ असे भारदस्त नाव देते. म्हणजे ते ९७ टक्के आयुष्याबद्दल आहेत, आरोग्याबद्दल नाहीत. पंचविशीतला माणूसही आजारी पडतो. टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून गिअरबॉक्सही शाबूत आहे, असे कोणताही मेकॅनिक म्हणणार नाही, पण एसएसडीच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो.

तुमच्या बाबतीत हा आकडा पडताळूनही पाहता येतो. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आतापर्यंत लिहिलेला डेटा सुमारे ९ टीबी दिसतो. साध्या ५०० जीबीच्या एसएसडीवर कंपन्या साधारण ३०० टीबी लेखनापर्यंत वॉरंटी देतात. मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो, पण मापासाठी तो पुरेसा आहे. तीनशेतले नऊ म्हणजे तीन टक्के. तीन वर्षांत नऊ टीबी म्हणजे रोजचे सुमारे आठ जीबी, जे हिशेबाच्या कामाला आणि ब्राउझरला अगदी साजेसे आहे. तेव्हा ९७ टक्के हा आकडा खरा आहे. एवढेच, की तुमच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही. पेशी झिजलेल्या नाहीत. बिघाड असलाच, तर तो पेशींवर राज्य करणाऱ्या कंट्रोलरमध्ये, त्याच्या फर्मवेअरमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत आहे, आणि या तिन्हींपैकी कशाचेच मोजमाप त्या टक्केवारीत होत नाही.

त्याच स्क्रीनशॉटमध्ये मी आधी ‘क्रिटिकल वॉर्निंग’ पाहिले. ते शून्य आहे. पाठोपाठ ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ पाहिले, तेही शून्य. म्हणजे जे वाचले गेले ते नीट वाचले गेले, असे एसएसडीचे म्हणणे आहे. ‘अनसेफ शटडाउन्स’ मात्र २१४ आहेत. घरात यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हा आकडा लाइट जाण्याने फुगतो, पण बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर २१४ हे फारच जास्त झाले. हँग झाल्यावर तुम्ही पॉवर बटण दाबून धरून बंद करत आलात, त्याच्या या खुणा असाव्यात. असे प्रत्येक वेळी बंद करणे आधीच अडखळणाऱ्या कंट्रोलरच्या अंतर्गत नोंदी आणखी बिघडवू शकते, तेव्हा हे चक्र लवकर थांबवावे हे बरे.

एसएसडीमुळे होणारे हँग डोळ्यांनी ओळखता येते. तुम्ही पुढच्या वेळी लगेच बटण दाबू नका; दोन मिनिटे हातावर हात ठेवून नुसते बघा. माऊसचा बाण हलत राहतो. उघडलेल्या पानावर वर-खाली सरकताही येते. गाणे लावलेले असेल तर काही सेकंद ते वाजत राहते. मात्र स्टार्टवर क्लिक केले की काहीच उघडत नाही, नवे फोल्डर उघडायला गेले की खिडकी पांढुरकी होते, आणि मग एकेक करत सगळ्या खिडक्या ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होत जातात. याचे कारण असे, की जे रॅममध्ये आधीच आलेले आहे ते चालू राहते आणि ज्यासाठी डिस्ककडे जावे लागते ते तिथेच अडकून बसते. शेवटी विंडोजला स्वतःच्या एखाद्या अत्यावश्यक प्रक्रियेचा तुकडा डिस्कवरून हवा असतो, तो मिळत नाही, प्रक्रिया मरते आणि निळी स्क्रीन येते. ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ किंवा ‘केर्नल डेटा इनपेज एरर’ ही नावे अशा वेळी वारंवार दिसतात. त्या निळ्या स्क्रीनवर एक टक्केवारी असते, तिच्याकडे जरूर पाहा. ती शून्यावरच खिळून राहिली, तर विंडोज आपला मृत्युलेख डिस्कवर लिहू पाहते आहे आणि लिहायला डिस्कच उरलेली नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

रॅम खराब असते तेव्हा चित्र वेगळे दिसते. निळ्या स्क्रीनवर दर वेळी निराळे नाव येते, प्रोग्रॅम अधेमध्ये उगाच बंद पडतात, झिप फायली उघडताना चुका येतात, पण सहसा डंप फाइल (बंद पडतानाची स्थिती नोंदवणारी फाइल) लिहिली जाते आणि रीस्टार्टनंतर डिस्क जागेवर असते. वीजपुरवठ्याचा किंवा प्रोसेसरच्या तापमानाचा दोष असेल, तर मशीन बहुधा दिवा विझावा तसे एका क्षणात बंद होते. तुमच्या वर्णनात यांपैकी काहीही नाही.

इथे नोंदींबद्दल सविस्तर लिहितो, कारण दुकानदाराने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घटनांची नोंदवही) पाहून ‘केर्नल पॉवर ४१’ दाखवले आणि म्हणून वीजव्यवस्थेचा, पर्यायाने मदरबोर्डाचा दोष ठरवला, असे तुम्ही लिहिले आहे. ‘पॉवर’ हा शब्द वाचून अनेक जण फसतात. ४१ क्रमांकाची नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ती पुढच्या वेळी चालू होताना लिहिली जाते. आधी काय झाले याची तिला काहीच कल्पना नसते. तिच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत काय नोंदले गेले, ते महत्त्वाचे. तिथे १२९ क्रमांकाची नोंद असेल, तर डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केले, असा अर्थ होतो. १५३ म्हणजे एखादे वाचन-लेखन पुन्हा करून पाहावे लागले. ७ म्हणजे खराब ब्लॉक, ५१ म्हणजे पेजिंग करताना, म्हणजे रॅम आणि डिस्क यांत डेटाची ने-आण करताना, चूक. एसएसडी आजारी असलेल्या मशीनवर १२९ च्या ओळीच्या ओळी सापडतात.

पण काही वेळा काहीच सापडत नाही, आणि ते न सापडणेही बोलके असते. घटनेची नोंद त्याच डिस्कवर लिहायची असते, जी त्या क्षणी नाहीशी झालेली असते. हँग झाल्याच्या वेळेपूर्वी सगळे सुरळीत, मग वीस मिनिटांची कोरी पोकळी, मग थेट ४१. विंडोजच्या फोल्डरमधले ‘मिनीडंप’ (डंप फायली ठेवण्याचे फोल्डर) रिकामे. आणि हे दहा वेळा घडूनही दहाही वेळा रिकामे. असे दिसले, की माझा संशय डिस्कवर आणखी घट्ट होतो. ज्या वहीत पंचनामा लिहायचा ती वहीच चोरीला गेली, तर पंचनामा कोठून मिळणार? तुमच्याकडे मिनीडंप रिकामे आहे, असे तुम्ही लिहिले आहे आणि दुकानदाराने त्यावरून सॉफ्टवेअरचा दोष नाही एवढाच निष्कर्ष काढला. तो बरोबर आहे, पण अर्धा आहे.

एखाद्या वेळी ‘केर्नल डेटा इनपेज एरर’चा डंप लिहिला गेलाच, तर त्यातल्या चार आकड्यांपैकी दुसरा पाहा. त्याच्या शेवटी ‘९सी’ असेल तर वाचताना खराब ब्लॉक लागला, आणि ‘९डी’ किंवा ‘१८५’ असेल तर डिस्कशी असलेला संपर्कच तुटला, असा कौल मिळतो. पहिल्यात पेशी दोषी असण्याची शक्यता जास्त, दुसऱ्यात जोडणी किंवा कंट्रोलर.

आता रीस्टार्ट आणि पूर्ण बंद यांत एवढा फरक का पडतो, ते पाहू. रीस्टार्ट करताना मदरबोर्ड एसएसडीला रीसेटचा इशारा देतो, पण तिची वीज सहसा तोडत नाही. कंट्रोलर हा स्वतःच एक छोटा संगणक आहे. तो आपल्याच फर्मवेअरच्या एखाद्या गुंत्यात अडकून पडला असेल, तर बाहेरून येणारी हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम) पाहते तेव्हा स्लॉट रिकामा दिसतो. वीज पूर्ण तुटली, की तो नव्याने पहिल्यापासून सुरू होतो आणि सगळे ठीक दिसू लागते. म्हणून पुढच्या वेळी हँग झाल्यावर आधी नुसते रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा आणि एसएसडीचे नाव दिसते का पाहा. दिसले नाही, तर पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करून पुन्हा पाहा. हे सलग तीन-चार वेळा तसेच घडले, की विंडोज आणि ड्रायव्हर दोघेही यातून सुटले, कारण बायोसमध्ये विंडोजचा संबंधच नसतो.

राहता राहिला एसएसडी की स्लॉट हा प्रश्न. त्यासाठी अदलाबदल करावी लागते, आणि ती दोन्ही बाजूंनी करावी लागते. एका बाजूने केली तर उत्तर अर्धवट मिळते.

पहिल्या बाजूने, एसएसडी लॅपटॉपमधून काढा आणि लिनक्स मिंट किंवा उबंटूच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालींच्या) पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करा. तीन-चार तास व्हिडिओ लावून, ब्राउझरमध्ये वीस पाने उघडून त्याला राबवा. एवढ्यात तो एकदाही हँग झाला नाही, तर प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्डाचा बहुतांश भाग तरी ठीक आहे असे समजायला हरकत नाही. त्यानंतर शक्य असेल तर ओळखीच्या कोणाची चांगली एनव्हीएमई एसएसडी त्याच स्लॉटमध्ये दोन दिवस लावून पाहा. दुसऱ्या बाजूने, तुमची एसएसडी दुसऱ्या डेस्कटॉपच्या एम.२ स्लॉटमध्ये (अशा एसएसडीच्या खाचेत) लावा आणि ती अथपासून इतिपर्यंत वाचून काढा. लिनक्समधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये पूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या मोठ्या डिस्कवर करण्याची सोय आहे. त्यातून चाचणीही होते आणि बॅकअपही. मध्ये मध्ये वाचन अडखळत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन जास्त चांगले, कारण कोठपर्यंत वाचले हे ते वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवते आणि वीज तोडून पुन्हा सुरू केल्यावर तिथून पुढे जाते.

एसएसडी दुसऱ्या मशीनमध्येही गायब होऊ लागली, तर निकाल लागला. तिथे आठवडाभर निमूट चालली आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडीही गायब होऊ लागली, तर दुकानदार बरोबर होता आणि मी चूक. बाजारात मिळणाऱ्या यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून केलेल्या चाचणीवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. केसिंगमध्ये वेग कमी असतो, विजेची बचत करण्याच्या पद्धती वेगळ्या असतात, त्यामुळे आजारी एसएसडी तिथे दिवसभर शहाण्यासारखी वागू शकते. केसिंगमध्ये बिघाड दिसला तर तो खरा. दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

एसएसडी काढालच, तेव्हा स्क्रू नीट बसला होता का आणि सोनेरी संपर्कांवर डाग किंवा काळसरपणा आहे का, ते पाहा. आपल्याकडे रॅमचे संपर्क खोडरबराने पुसण्याची जुनी पद्धत आहे; इथे मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरतो, कारण रबराचा भुगा एम.२ च्या बारीक खाचेत अडकला तर काढता काढता नाकी नऊ येतात. प्रश्न साध्या साटा (केबलने जोडल्या जाणाऱ्या) एसएसडीचा असता, तर मी सगळ्यात आधी केबल बदलायला सांगितली असती. तिथे ‘सीआरसी एरर काउंट’ नावाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुतेक केबलचा असतो आणि शे-दोनशे रुपयांत काम होते.

तापमानाबद्दल विदर्भात बसून मी लिहिले नाही तर नवल. बहुतेक घरगुती एसएसडी ० ते ७० अंशांत चालवण्यासाठी बनवलेल्या असतात आणि फार तापल्यावर त्या स्वतःचा वेग कमी करतात. त्यापुढे गेल्यास काही मॉडेल स्वतःला बंदही करतात. मे महिन्यात इथे बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा बंद खोलीतल्या संगणकाच्या पोटात काय होत असेल याची कल्पना करा. दोन वर्षांपूर्वी एका छायाचित्रकाराचा डेस्कटॉप माझ्याकडे आला. लग्नाचे अल्बम एक्स्पोर्ट करायला लावले की बरोबर दहाव्या-बाराव्या मिनिटाला एसएसडी गायब व्हायची. दोन ठिकाणी दाखवून झाले होते आणि नवी एसएसडी घ्यायचे ठरलेही होते. मी तापमान पाहिले तर ते ८८ अंशांवर. एसएसडीवर चांगला जाड हीटसिंक बसवलेला होता, म्हणून आधी कोणालाच संशय आला नाही. हीटसिंकचे दोन स्क्रू काढले, आणि थर्मल पॅडवरचे निळे प्लास्टिकचे पापुद्रे तसेच! बसवणाऱ्याने ते सोलायचे राहून गेले होते, त्यामुळे हीटसिंक थंड आणि एसएसडी भाजते आहे असा प्रकार चालला होता. पापुद्रा सोलून पुन्हा बसवले, तेच एक्स्पोर्ट लावले, तापमान ६४ वर थांबले. ती एसएसडी अजून चालू आहे. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ४७ अंश दिसतात, पण तो निवांत वेळचा आकडा आहे. मोठी फाइल कॉपी करताना पाहा, आणि हँग होण्याची वेळ कामाच्या ताणाशी जुळते की नाही याची चार दिवस टिपण ठेवा. ताण असताना बिघडत असेल तर उष्णता. उलट लॅपटॉप नुसता उघडा पडलेला असताना, चहा पिऊन परत आल्यावर हँग झालेला सापडत असेल, तर वीज वाचवण्यासाठी झोपलेल्या एसएसडीला जाग येत नाही, अशी शंका घ्यावी.

या दुसऱ्या प्रकारावर एक बिनपैशाचा उपाय करून पाहण्यासारखा आहे. विंडोजच्या प्रगत पॉवर सेटिंगमध्ये ‘पीसीआय एक्स्प्रेस’खाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ असते, ते बंद करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल. पण त्याने हँग होणे थांबले, तर एसएसडी आणि लॅपटॉप यांचे फक्त झोपण्या-उठण्याच्या रिवाजावरून पटत नाही, असे समजावे आणि दोघांचीही फर्मवेअर अद्ययावत करावीत.

फर्मवेअरचा दोष ही काही दूरची शक्यता नव्हे. २०१२ साली क्रुशियल या कंपनीने आपल्या एम४ या एसएसडीसाठी फर्मवेअर दुरुस्ती काढली, ती याच कारणासाठी. एकूण ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस, चालून झाल्यावर ती एसएसडी उत्तर देणे बंद करायची, वीज तोडून जोडली की परत यायची आणि तासाभराने पुन्हा तेच. मूळ कारण एवढेच, की चालू राहिल्याचे तास मोजणाऱ्या नोंदीला चुकीचा प्रतिसाद दिला जात होता. २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने सर्व्हरच्या काही एसएसडींबाबत याहून गंभीर इशारा दिला होता: ३२,७६८ तास पूर्ण झाले की त्या कायमच्या बंद पडणार आणि डेटाही जाणार. तुमच्या एसएसडीत असे काही आहे, असे माझे म्हणणे नाही. मात्र तिच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती जुळवून पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे. फर्मवेअर चढवताना मध्येच हँग झाल्यास एसएसडी कायमची जाऊ शकते, म्हणून हे बॅकअपनंतरच.

दोनदा विंडोज टाकल्यावर चार-सहा दिवस बरे का गेले, हा तुमचा उपप्रश्न रास्त आहे. एक तर हँग होताना मोडलेल्या सिस्टीम फायली नव्याने आल्या. शिवाय एसएसडी जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही. नवे लेखन ती दुसऱ्या, आधी पुसून ठेवलेल्या जागी करते, त्यामुळे वाचायला अडचण देणारा जुना भाग काही दिवस वाटेतून बाजूला होतो. आणि नव्या विंडोजवर सुरुवातीला कामही कमी असते. या सुधारणेवरून दोष सॉफ्टवेअरचा होता, असे मानता येत नाही.

तुमच्या ठिकाणी मी असतो, तर क्रम असा ठेवला असता: आज बॅकअप आणि रिकव्हरी की, उद्या एसएसडी काढून नीट बसवणे, तापमान आणि लिंक पॉवरची सेटिंग, फर्मवेअर, तरीही गायब होत राहिली तर अदलाबदलीची चाचणी. २० तारखेपूर्वी एवढा वेळ नसेल, तर चाचणीच्या फंदात न पडता नवी एसएसडी टाकून काम सुरू करा आणि जुनीचा निकाल नंतर लावा. माझा अंदाज चुकला आणि दोष मदरबोर्डातच निघाला, तरी नवी एसएसडी वाया जाणार नाही. मदरबोर्ड आधी बदलला आणि दोष एसएसडीत निघाला, तर ते पैसे मात्र गेले.

नवी घेताना तुमचा स्लॉट एनव्हीएमईचा आहे आणि लांबी २२८० ची, म्हणजे ८० मिलिमीटरची बसते, याची खात्री करा. कंपनीची पाच वर्षांची वॉरंटी असलेली, पक्क्या बिलाची एसएसडी घ्या. जुन्या एसएसडीवरचे लेबल पाहून तिची वॉरंटीही तपासा, कारण बऱ्याच एसएसडींना तीन किंवा पाच वर्षे मिळतात. लॅपटॉपसोबत आलेली असेल, तर ती सहसा लॅपटॉपच्याच वॉरंटीत धरली जाते. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा परत मिळत नाही, आणि जुनी डिस्क तुमच्या ग्राहकांच्या हिशेबासकट परक्या हाती जाते. ती एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर पाठवण्यापूर्वी कंपनीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण पुसा. पुसता पुसता ती कायमची बंद पडली, तर मला कळवा. तसे झाले तर वॉरंटीच्या अर्जात काय लिहायचे, ते सांगेन.